शिट्टी, घंटा आणि फटाका : रेल्वेच्या आवाजांचा इतिहास

‘तुम्ही रेल्वेतले, तेव्हा यंदा स्मरणिकेसाठी रेल्वेवर काहीतरी लिहा’ असा हुकूम संपादक मंडळाने काढला आणि मी चांगलाच अडचणीत आलो. मी डिप्लोमा करून रेलपथ विभागात लागलेला माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यात वीस वर्षे गेली. लेखन म्हणजे माझ्या लेखी डायरीतली नोंद आणि साहेबांना पाठवायचा रिपोर्ट. तरीही हो म्हटले, कारण एक विषय बरीच वर्षे मनात घोळत होता आणि तो आपल्या उत्सवाच्या अगदी जवळचा आहे. तो विषय म्हणजे आवाज.

आपण झाशीतली मराठी माणसे दोन वाटांनी इथे आलो. काही घराणी नेवाळकरांच्या काळापासूनची, किल्ल्याच्या आसपास राहणारी. आमच्यासारखी बाकीची रुळांवरून आली. इंडियन मिडलंड रेल्वेने १८८९ च्या सुमारास इथे रूळ आणले. १९०० मध्ये ती रेल्वे जीआयपीत गेली, १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली, आणि २००३ पर्यंत झाशी विभागाचे मुख्यालय मुंबईच होते. बदलीवर आलेले कितीतरी मराठी बाबू, फिटर आणि गार्ड इथेच स्थायिक झाले. उत्तर मध्य रेल्वे झाल्यावर कागदावरची मुंबई सुटली, पण घरातली मराठी आणि भाद्रपदातला गणपती राहिला. आपली रेल्वे कॉलनी ही तर आवाजावर चालणारी वस्ती. लहानपणी आई घड्याळाकडे न बघता सांगायची, ‘अमुक गाडी गेली, आता भात लाव.’ म्हणून वाटले, या आवाजांची हकीकत एकदा लिहून ठेवावी.

आवाज वेगळा, अर्थ वेगळा

आपल्या किल्ल्यात ‘कडक बिजली’ ही तोफ आहे. राणीसाहेबांचे तोपची गुलाम गौस खान यांच्याशी तिचे नाव जोडले जाते. विजेसारखा कडकडाट करी म्हणून ते नाव पडले, असे सांगतात. १८५८ च्या वेढ्यात तो आवाज किल्ल्यात ऐकणाऱ्याला धीर देत असेल आणि बाहेर ऐकणाऱ्याला धडकी भरवत असेल. आवाज एकच, पण अर्थ दोन.

आवाज म्हणजे काय, याचे उत्तर आम्ही डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी पाठ केले होते. एखादी वस्तू कंप पावते, तिच्याभोवतीची हवा दाबली जाते आणि सैल होते, ती लाट कानापर्यंत पोचते. हवेत तिचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, तर पोलादात पाच हजार मीटरहून अधिक. माणसाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. आपल्या जुन्या न्याय-वैशेषिक पंडितांनीही पाण्यावरच्या लाटांचा दाखला देऊन, आवाज एकातून दुसरा असा पसरत जातो, असे मांडले होते. त्याला ते वीचीतरंग न्याय म्हणत.

हे झाले आवाजाचे शरीर. अर्थाचे काय? पतंजलींनी महाभाष्यात सुरुवातीलाच, ‘गाय’ हा शब्द उच्चारल्यावर त्यातला नेमका शब्द कोणता, हा प्रश्न घेतला आहे. ज्याच्या उच्चाराने त्या प्राण्याचे ज्ञान होते तो शब्द, असे उत्तर ते देतात, आणि लोकव्यवहारात नुसत्या ध्वनीलाही शब्द म्हणतात हेही नोंदवतात. म्हणजे कानावर पडणे ही एक गोष्ट आणि समजणे ही दुसरी. मी काही शास्त्री नव्हे. पण हा फरक रेल्वेने दोनशे वर्षांत रक्त सांडून शिकला आहे, एवढे मात्र मी अधिकाराने सांगू शकतो.

शिट्टीचा जन्म

पहिल्या इंजिनांना शिट्टी नव्हती. इंग्लंडमध्ये सुरुवातीला ड्रायव्हर तोंडाने तुतारी फुंकत असे, काही ठिकाणी इंजिनापुढे घोडेस्वार चालत असे. १८३३ साली लेस्टर आणि स्वॅनिंग्टन मार्गावर लोणी आणि अंडी घेऊन चाललेली एक घोडागाडी फाटकात इंजिनाखाली सापडली. ड्रायव्हरने तुतारी फुंकली होती, पण गाडीवानाला ती ऐकू गेली नाही. मग वाफेवर वाजणारी तुतारी इंजिनालाच बसवा, अशी सूचना पुढे आली आणि तिच्यातून शिट्टी निघाली, अशी कथा रेल्वेच्या इतिहासात सांगतात. कथेचा तपशील इतिहासकार तपासत राहोत. तिच्यातले तात्पर्य खरे आहे : आवाज केला होता, पण तो पोचला नव्हता.

वाफेच्या शिट्टीची रचना साधी. पितळी घंटेच्या कडेवर गोल फटीतून वाफेचा झोत आदळतो आणि आतला वायू थरथरतो. आपल्या देशात हा आवाज घेऊन पहिली प्रवासी गाडी निघाली १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला. एकवीस तोफांची सलामी झाली, गव्हर्नरचा बँड वाजला आणि साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने चौदा डबे व सुमारे चारशे पाहुणे घेऊन निघाली.

ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ च्या अखेरीस थांबली. मी तेव्हा शाळेत होतो. आता डिझेल आणि विजेच्या इंजिनांना दाबलेल्या हवेवर वाजणारे हॉर्न असतात. आत एक पातळ पडदा असतो, तो थरथरतो. साधन बदलले, पण भाषा तीच राहिली. बाहेरच्या माणसाला वाटते, ड्रायव्हर मनाला येईल तसा हॉर्न वाजवतो. तसे नसते. दोन छोटे म्हणजे गार्ड, सिग्नल दे. तीन छोटे म्हणजे गार्ड, ब्रेक लाव. चार छोटे म्हणजे अपघात, बिघाड किंवा अडथळ्यामुळे गाडी पुढे जाऊ शकत नाही. दोन छोटे आणि एक लांब म्हणजे कोणीतरी साखळी ओढली. फाटकाअलीकडे रुळाच्या कडेला पिवळी पाटी दिसते, तिच्यावर ‘सी/फा’ लिहिलेले असते. ‘सीटी, फाटक’ असा त्याचा अर्थ. तिथून फाटकापर्यंत लांब हॉर्न. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ड्रायव्हर त्याआधीच लोको पायलट झाला होता. पण दोन छोट्यांचा अर्थ बदललेला नाही.

याच संदर्भातली एक मजेची गोष्ट. गाडी जवळ येताना हॉर्नचा सूर चढा आणि निघून जाताना उतरलेला वाटतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. डॉपलर यांनी १८४२ मध्ये हे गणित मांडले तेव्हा बऱ्याच जणांना ते पटले नव्हते. १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने उट्रेख्टजवळच्या रेल्वेवर उघड्या डब्यात तुतारीवाले बसवले, रुळाच्या कडेला सुराचे पक्के कान असलेले वादक उभे केले आणि गाडी पळवली. गणित खरे निघाले. त्या काळी एवढ्या वेगाने जाणारे दुसरे वाहनच नव्हते. आवाजाच्या शास्त्राला प्रयोगशाळा मिळाली ती रुळांवर.

घंटेचे टोल

रेल्वेतला सर्वात अर्थपूर्ण आवाज प्रवाशाला कधी ऐकू येत नाही. तो स्टेशन मास्तरच्या खोलीत वाजतो. पण त्याच्याआधी एक अपघात सांगितला पाहिजे.

२५ ऑगस्ट १८६१, रविवार. इंग्लंडमधल्या ब्रायटनहून थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने तीन गाड्या लंडनकडे निघाल्या. वाटेत क्लेटनचा लांब बोगदा. त्याच्या दोन्ही तोंडांना एकेक सिग्नलमन आणि मध्ये तारायंत्र. पहिली गाडी बोगद्यात शिरली, पण सिग्नल आपोआप धोक्यावर गेला नाही. धोक्याची घंटा वाजली, सिग्नलमन लाल निशाण घेऊन धावला, तोवर दुसरी गाडीही आत शिरत होती. तिच्या ड्रायव्हरने निशाण पाहिले की नाही, याची सिग्नलमनला खात्री नव्हती. ड्रायव्हरने ते पाहिले होते. गाडी आत थांबवून तो ती मागे आणू लागला होता. इकडच्याने तारेने विचारले, ‘बोगदा मोकळा आहे का?’ पलीकडच्याला पहिली गाडी बाहेर पडताना दिसली होती. त्याने कळवले, ‘मोकळा आहे.’ इकडच्याने समजून घेतले की दुसरी गाडी बाहेर पडली. त्याने तिसरी आत सोडली. तेवीस माणसे मेली, १७६ जखमी झाली.

दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नव्हते. निरोप पोचला होता. फक्त दोघांच्या मनातली गाडी वेगळी होती.

अशा अपघातांतून ब्लॉक पद्धत रुजली. दोन स्टेशनांच्या मधल्या लाइनीवर एका वेळी एकच गाडी, आणि तिच्याबद्दलची सगळी बोलणी ठरलेल्या टोलांत. आपल्याकडे आजही एक टोल म्हणजे लक्ष दे. दोन म्हणजे लाइन मोकळी आहे का. तीन म्हणजे गाडी निघाली, तुझ्याकडच्या सेक्शनमध्ये शिरली. चार म्हणजे गाडी पोचली, सेक्शन मोकळा झाला. पाच म्हणजे आधीचे रद्द. सहा म्हणजे धोका. सहानंतर थांबून वाजणाऱ्या टोलांना पुन्हा वेगळे अर्थ आहेत. सहा आणि मग तीन, म्हणजे गाडी तुटून दोन तुकडे झाले आहेत. यंत्र तपासायचे असेल तर सोळा.

प्रशिक्षणात असताना एका छोट्या स्टेशनवर मी आठवडाभर बसत असे. तिथले मास्तर चहा गाळत असायचे, पाठ यंत्राकडे असायची. टोल पडले की हातातली गाळणी थांबायची. ते मोजत नसत, त्यांना ते शब्दासारखे ऐकू येत. मग किटली खाली ठेवून ते तितकेच टोल उलट वाजवायचे. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली खरी अक्कल इथे आहे. मी दोन टोल दिले म्हणून काम झाले नाही. समोरच्याने तेच दोन परत दिले पाहिजेत, तेव्हाच माझा आवाज पोचला असे धरायचे. परत आला नाही, तर तो झालाच नाही. क्लेटनमध्ये हीच कडी कच्ची राहिली होती.

धुक्यातला फटाका

झाशी-ग्वाल्हेर भागातले डिसेंबर-जानेवारीचे धुके तुम्हाला माहीत आहे. हात पुढे केला तर बोटे दिसत नाहीत. अशा वेळी सिग्नल कितीही प्रकाशमान असला तरी ड्रायव्हरला तो उशिरा दिसतो. डोळा निकामी झाला की कानाचा आधार. १८४१ साली एडवर्ड काउपर या इंग्रज माणसाने रुळावर बांधायचा फटाका शोधला. आम्ही त्याला डिटोनेटर म्हणतो, गँगची माणसे नुसते ‘पटाखा’ म्हणतात. पत्र्याची चपटी डबी, आत दारू आणि बाजूला शिशाच्या मऊ पट्ट्या. पट्ट्या रुळाच्या माथ्याखाली वाकवून डबी बसवायची. चाक वरून गेले की धडाड!

धुक्यात पहिल्या थांबण्याच्या सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे, एकमेकांपासून दहा मीटरवर असे दोन फटाके लावतात. ड्रायव्हरला दोन धडाके ऐकू आले की तो समजतो, सिग्नल जवळ आला, बाहेर बघ. आता दुसरा प्रसंग घ्या. गाडी सेक्शनमध्ये अडकली आहे आणि समोरून दुसरी येण्याची भीती आहे. तेव्हा माणूस धावत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावतो. इथे त्याच धडाक्याचा अर्थ होतो, थांब, पुढे मरण आहे. एकच डबी, एकच दारू. अर्थ ठरतो तो किती, कुठे आणि कोणत्या वेळी यावरून.

थंडीत रात्रभर शेकोटीजवळ बसून गाडीगणिक फटाके लावणारा फॉगमन मी पाहिला आहे. त्याला गाडी दिसत नसे. तो रुळाजवळ उकिडवा बसून कान देई. आता बहुतेक इंजिनांत जीपीएसवर चालणारे धुक्याचे यंत्र असते. पुढचा सिग्नल किंवा फाटक किती अंतरावर आहे ते पडद्यावर दाखवते आणि बोलूनही सांगते. म्हणजे फटाका जाऊन शब्द आला, पण काम कानाकडेच राहिले.

हातोड्यापासून अल्ट्रासोनिकपर्यंत

पूर्वी मोठ्या स्टेशनात गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक माणूस गाडीच्या कडेने चाकांवर ठोकत जायचा. निरोगी चाक घंटेसारखे वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. कुंभाराकडून माठ घेताना आपणही हेच करतो. आमच्या खात्यातला किमॅन हे नावच चाव्यांवरून पडले. जुन्या लोखंडी स्लीपरांत रूळ पोलादी चावी ठोकून पक्का करीत. रोज सकाळी तो आपला सगळा टप्पा चालत जाई. चावी सैल आहे की घट्ट, हे हातोड्याच्या आवाजावरून ओळखणारे जुने किमॅन मी पाहिले आहेत.

तुम्हा प्रवाशांच्या ओळखीचा आवाज म्हणजे खटक-खटक. ती रुळांच्या सांध्यांची. आपला ब्रॉडगेजचा रूळ १३ मीटरचा. घड्याळ लावून ४७ सेकंदांत किती सांधे वाजले ते मोजा, तोच ताशी किलोमीटरमधला वेग. वडिलांनी मला हे शिकवले होते आणि सुट्टीत कोल्हापूरला जाताना आम्हा भावंडांचा तोच खेळ असे. आता रूळ वेल्डिंग करून कित्येक किलोमीटर सलग केले आहेत. खटक गेली, खेळही गेला. पण सांधा हीच रुळाची सर्वात दुबळी जागा होती, तेव्हा त्या आवाजासाठी गळा काढण्यात अर्थ नाही.

आता रुळाच्या आतला दोष शोधायचा तर आम्ही ऐकू न येणारा आवाज वापरतो. अल्ट्रासोनिक यंत्र सेकंदाला वीस ते चाळीस लाख कंपनांचा आवाज रुळात सोडते. आत तडा असेल तर तिथून प्रतिध्वनी परततो आणि पडद्यावर उमटतो. पुन्हा तेच तत्त्व बघा : आवाज पाठवा आणि परत काय येते ते ऐका. काही मार्गांवर रुळाच्या कडेला मायक्रोफोन बसवले आहेत. धावत्या गाडीच्या बेअरिंगचा आवाज टिपून ते बिघाड होण्याआधीच सावध करतात. हातोडेवाला गेला, पण त्याचा कान यंत्राने उचलला.

मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या तेव्हा आम्ही मालगाड्यांसाठी रूळ सांभाळत होतोच. तेव्हाची शांतता विसरता येत नाही. एरवी जी मालगाडी दिसल्यावर आम्ही बाजूला व्हायचो, तिचा हॉर्न दोन स्टेशने आधीपासून ऐकू येत असल्यासारखा वाटे. हॉर्न तोच होता, फक्त भोवतीचा गोंगाट नव्हता.

विसर्जनाची ती संध्याकाळ

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

२०१७ च्या अनंत चतुर्दशीला आपली मिरवणूक फाटक ओलांडून तलावाकडे निघाली होती. मी गुलालात माखलेला, झेंडा हातात. त्या वर्षी पोरांच्या आग्रहाने पहिल्यांदाच डीजे आणला होता. त्याच्या वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्यांत मीही होतो. फाटकाच्या थोडे अलीकडे फोन आला, वेल्डिंगला तडा सापडला आहे, गँग कामाला लागली आहे. मी तसाच रुळांवर उतरलो. माणसे अप लाइनीवर प्लेटा बसवत होती. नियमाप्रमाणे लुकआउट मॅन शिट्टी घेऊन उभा होता.

डाउनला गाडी येणार म्हणून फाटक बंद झाले आणि आपला ट्रक फाटकाशी थांबला. डीजे थांबला नाही. गाणे उलट रंगात आले. लुकआउट मॅनने शिट्टी फुंकली. गाल फुगलेले मला दिसले, शिट्टी ऐकू आली नाही. लोको पायलट पाटीपासून सलग हॉर्न देत होता, हे मला नंतर कळले. आमचा किमॅन डाउन लाइनीवर ठेवलेली पहार उचलायला वाकला होता. शेजारच्या माणसाने दिवा पाहिला आणि त्याला कमरेला धरून मागे ओढले. दोघे खडीवर पडले. पहार इंजिनाला लागून उडाली. किमॅनचा हात मोडला, जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला दवाखान्यात गेलो. कानामागे गुलाल तसाच होता, तो पुसायचेही मला सुचले नव्हते. त्याने कोणाची तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, ‘साहब, सीटी तो बजी होगी। हमने सुनी नहीं।’

नंतर मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. फाटकासाठी हॉर्न सुरू करायची पाटी ६०० मीटरवर. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला तीस मीटर कापते, म्हणजे फाटकापर्यंत वीस सेकंद. हॉर्नचा आवाज कानापर्यंत यायला पावणेदोन सेकंद. हातात उरतात अठरा सेकंद. सावध माणसाला पुष्कळ झाले. पण मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. सहाशे मीटरवरून येणारा हॉर्न फाटकाशी पोचेपर्यंत थकलेला असतो, आणि डीजेचे कर्णे दहा मीटरवर ताजे असतात. त्या अठरा सेकंदांतले किती आपण खाल्ले?

पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, अमृतसरच्या जोडा फाटकाजवळ लोक रुळांवर उभे राहून रावणदहन पाहत होते. फटाक्यांच्या आवाजात गाडी आल्याचे कळले नाही. सुमारे साठ माणसे गेली. त्या रात्री टीव्हीसमोर बसून मला आपलाच ट्रक दिसत होता.

त्या प्रसंगानंतर आपल्या मंडळाने डीजे बंद केला, हे तुम्हाला माहीत आहे. आता नवी मुले आली आहेत आणि यंदाच्या सभेत तो विषय पुन्हा निघाला. ‘काका, वर्षातून एक दिवस तर आहे,’ असे ती म्हणतात. मुले चांगली आहेत, मांडव तीच घालतात, त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. लोकमान्यांनी १८९३ पासून या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हा चार माणसांनी एकत्र येणे हाच हेतू होता, आणि वाद्याशिवाय माणसे एकत्र येत नाहीत हे मलाही मान्य आहे. ढोल-ताशा माझ्या अंगातही भिनतो.

कायदा काय सांगतो तेही नोंदवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रात्रीची ही बंदी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात ठामपणे सांगितली. पण मला कायद्याचा धाक घालायचा नाही. माझे म्हणणे आमच्या रुळांवरचे आहे. आवाज मोठा केल्याने अर्थ मोठा होत नाही. आरतीतली घंटा, झांज आणि टाळी या तिन्ही वेगळ्या ऐकू येतात, म्हणून आरती भरून येते. सगळ्यांवर एकच आवाज चढला की बाकीचे नुसते हलणारे हात राहतात. त्या संध्याकाळी दिसलेल्या फुगलेल्या गालांसारखे.

म्हणून मंडळापुढे दोन गोष्टी ठेवतो. मिरवणूक ढोल, ताशा आणि लेझीमवरच ठेवावी, आणि फाटकाच्या अलीकडे-पलीकडे दोनशे मीटर तेही थांबवून नुसता मुखाने गजर करावा. ठराव मोठ्यांनी करून लहानांवर लादू नये. मुलांनी एक दिवस माझ्याबरोबर सेक्शनवर यावे. गाडी येताना रुळापासून लांब, कडेला उभे राहून अठरा सेकंद मोजावेत. मग त्यांनीच मत द्यावे. जे ठरेल ते मी मान्य करीन, पण त्या संध्याकाळी फाटकाशी हातात झेंडा नव्हे, शिट्टी घेऊन उभा राहीन.

तो किमॅन अजून माझ्या सेक्शनमध्ये आहे. हात बरा झाला, थंडीत दुखतो. दरवर्षी आपल्या गणपतीच्या दर्शनाला येतो, प्रसाद घेतो आणि मूर्तीकडे बराच वेळ बघत राहतो. एकदा मी विचारले, काय बघतोस? म्हणाला, ‘कान देख रहा हूँ साहब। कितने बड़े हैं।’

आपण बाप्पाला शूर्पकर्ण म्हणतो, सुपाएवढ्या कानांचा. सूप दाणे ठेवते आणि फोलपट उडवून देते. सगळे ऐकावे, त्यातले कामाचे ठेवावे. अशा देवाला ऐकू जावे म्हणून कर्णे लावायची गरज नाही. यंदा बाप्पाकडे मागायचेच असेल तर थोडे कान मागू या.

गणपती बाप्पा मोरया! मंगलमूर्ती मोरया!